भाडे थकवणाऱ्याकडून घर परत घेताना वकील नेमका कधी लागतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधला वन बीएचके फ्लॅट आपण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दरमहा १८,००० रुपयांनी दिला आणि ५०,००० रुपये डिपॉझिट घेतले. राहणाऱ्याने कराराचे शेवटचे तीन महिने पैसे दिले नाहीत, करार संपून दोन महिने झाले तरी तो घर सोडत नाही, आणि आता फोनही उचलत नाही. एका वकिलांची फी ऐकल्यावर आपल्याला असे वाटते की थकबाकीतला निम्मा पैसा तिथेच जाईल. तेव्हा हे काम स्वतः करता येईल का, की वकील लावणे भागच आहे, असे आपण विचारले आहे.

मी पुण्यात बावीस वर्षे वकिली करते आणि माझ्याकडची बरीचशी प्रकरणे घरमालक आणि भाडेकरू यांच्यातलीच असतात. त्यामुळे वकील लावावा असेच मी म्हणणार, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात माझ्याकडे येणाऱ्या काही जणांना मी एका बैठकीत कागद तपासून देते, अर्जात काय लिहायचे ते सांगते आणि पुढचे त्यांनी स्वतः करावे असे सुचवते. काहींना मात्र, त्यांची रक्कम लहान असली तरी, वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका असे निक्षून सांगते. हा फरक रकमेवर ठरत नाही. तो कागदावर ठरतो.

आपण पत्रात सगळीकडे 'भाडेकरू' हा शब्द वापरला आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तिथूनच सुरू होते. बोलताना आपण घरात राहणाऱ्या प्रत्येकाला भाडेकरूच म्हणतो. कायद्याला मात्र भाडेकरू वेगळा आणि लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या नुसत्या परवानगीवर, राहणारा वेगळा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये या दोघांकडून घर परत घेण्याचे रस्ते इतके निराळे आहेत की एकासाठी वकिलाची गरज कदाचित दोन-तीन वेळाच पडेल आणि दुसऱ्यासाठी ती वर्षानुवर्षे पडत राहील. म्हणून वकील लावायचा की नाही हे ठरवण्याआधी आपला माणूस यातला कोण आहे हे निश्चित करा.

राहण्यासाठी दिलेले घर लेखी लिव्ह अँड लायसन्स करारावर असेल आणि त्याची मुदत संपली असेल, तर या अधिनियमाचे कलम २४ लागू होते. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागत नाही. शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. तिथे मुख्य मुद्दा एकच असतो, लायसन्सची मुदत संपली की नाही. लेखी करारात जे नमूद आहे ते त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानले जाते, त्यामुळे 'मालकांनी मला तोंडी पाच वर्षे राहा असे सांगितले होते' यासारख्या बचावाला फारसा आधार उरत नाही. करारात ज्याचे नाव नाही अशा मेव्हण्याने किंवा मित्राने 'मीच इथे राहतो, माझाही हक्क आहे' असा पवित्रा घेतला, तर त्याचा दावा प्राधिकाऱ्यांनी ऐकायचा नाही असेही त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे.

अर्जाची प्रक्रिया कलम ४३ मध्ये आहे. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने शपथपत्र देऊन बचाव करण्याची परवानगी मागायची असते. त्याने ती मागितली नाही, किंवा मागूनही त्याला ती मिळाली नाही, तर आपल्या अर्जातले म्हणणे त्याने कबूल केले असे धरून घर खाली करण्याचा आदेश होतो. परवानगी देताना प्राधिकारी एवढेच पाहतात की त्याने सांगितलेली कारणे खरी ठरली तर मालकाला ताबा नाकारावा लागेल का. 'मला दुसरे घर मिळत नाही' किंवा 'मुलांची परीक्षा आहे' ही कारणे माणुसकीची असतील, पण त्यांच्यावर बचावाची परवानगी मिळू नये. आदेशाविरुद्ध अपील नाही, पुनरीक्षण अर्ज, म्हणजे रिव्हिजन, मात्र करता येतो. नोंदणीकृत करार, संपलेली मुदत आणि घरात राहणारी तीच व्यक्ती, एवढे जुळत असेल तर हा अर्ज सुशिक्षित माणूस स्वतः दाखल करू शकतो आणि स्वतः चालवूही शकतो. माझ्या पाहण्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी तसे केले. त्यांनी माझ्याकडून अर्जाचा मसुदा तेवढा तपासून घेतला आणि प्रत्येक तारखेला ते स्वतः फाईल घेऊन हजर राहिले.

पण 'एवढे जुळत असेल तर' या शब्दांत बरेच काही दडलेले आहे, आणि ते जवळून पाहिल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका आपला करार घेऊन माझ्याकडे आल्या. करार ऑनलाइन नोंदवलेला होता, दोघांचे अंगठे आणि फोटो होते, मुदत संपलेली होती. सगळे ठीक दिसत होते. त्यांनी स्वतः अर्ज दाखल केला होता, पण समन्स 'सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत आले होते. मी करार आणि सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, शेजारी शेजारी ठेवले. करारात 'ए विंग, फ्लॅट ३०४' होते आणि प्रमाणपत्रावर 'सी विंग, फ्लॅट ३०४'. करार तयार करणाऱ्या एजंटाने आधीच्या कुणाच्या तरी कराराचा मजकूर उचलला होता आणि सही करताना दोघांपैकी कोणीही ती ओळ वाचली नव्हती. जो लेखी करार आपल्या बाजूचा निर्णायक पुरावा असायचा, तोच चुकीच्या घराचा पुरावा ठरत होता. चूकदुरुस्तीचा दस्त करायचा तर घर अडवून बसलेल्या माणसाचीच सही लागणार. तिथून पुढे वीजबिल, सोसायटीचे पत्र, पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती असा एकेक कागद जोडून 'प्रत्यक्षात दिलेले घर हेच' हे दाखवावे लागले आणि सात महिने जास्त गेले. त्या बाईंनी अर्ज करण्यापूर्वी अर्ध्या तासाचा सल्ला घेतला असता, तर हे सगळे कागद पहिल्याच दिवशी अर्जासोबत गेले असते.

आता दुसरा रस्ता. करार लेखी नसेल, किंवा लेखी असून नोंदवलेला नसेल, तर कलम ५५ आडवे येते. करार नोंदवण्याची जबाबदारी या कलमाने मालकावर टाकली आहे. नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय नोंदणी न केल्याबद्दल मालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेला करार पुरेसा आहे असे समजणारे मालक मला आजही भेटतात. अशा प्रकरणात समोरचा 'मी भाडेकरू आहे' असे म्हणाला की प्रकरण लघुवाद न्यायालयात, म्हणजे आपण ज्याला स्मॉल कॉज कोर्ट म्हणतो तिथे, जाण्याची शक्यता असते, आणि तिथे वकिलाशिवाय उभे राहू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण भाडेकरू ठरलेल्या माणसाला निव्वळ भाडे थकले म्हणून लगेच बाहेर काढता येत नाही. कलम १५ नुसार आधी थकलेल्या भाड्याची लेखी मागणी करणारी नोटीस रीतसर बजावावी लागते आणि त्यानंतर नव्वद दिवस उलटल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही. दावा दाखल झाल्यावरही, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत त्याने सगळी थकबाकी द.सा.द.शे. १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढचे भाडे नियमित भरत राहिला आणि न्यायालय ठरवेल तो दाव्याचा खर्चही दिला, तर भाडे थकल्याच्या कारणावर ताब्याचा हुकूमनामा होत नाही. म्हणजे मालकाला पैसे मिळतात, पण घर मिळत नाही. नोटिशीत मागितलेली रक्कम, महिने किंवा भाड्याचा दर चुकला तर दाव्याचा पायाच डळमळीत होतो. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या नोटिशीने फसलेली प्रकरणे मी पाहिली आहेत, म्हणून या रस्त्यावर वकिलाची गरज दाव्याच्या दिवसापासून नव्हे, नोटिशीच्या दिवसापासून असते.

दुकान किंवा ऑफिस लायसन्सवर दिले असेल तर कलम २४ चा जलद मार्ग मिळत नाही, तो फक्त राहत्या जागेसाठी आहे. मोठ्या कंपनीला जागा दिली असेल तर नियम आणखी वेगळे लागतात. आपला प्रश्न त्यातला नाही, म्हणून त्यात इथे शिरत नाही.

आपल्या प्रकरणाचा हिशोब मांडू. कराराच्या मुदतीतले तीन महिने थकले, ते ५४,००० रुपये. मुदत संपल्यानंतर घर अडवून ठेवल्याबद्दल कलम २४ प्रमाणे लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई देय होते, म्हणजे दरमहा ३६,००० रुपये आणि दोन महिन्यांचे ७२,०००. एकूण १,२६,००० रुपयांतून ५०,००० डिपॉझिट वजा केले तर आज ७६,००० रुपये त्याच्याकडे निघतात, आणि हा आकडा दर महिन्याला ३६,००० नी वाढतो आहे. मिळण्याचा हक्क असणे आणि हातात पैसे पडणे यांत अंतर असते, हे मी मान्य करते. नोकरी गेलेल्या माणसाकडून दुप्पट रक्कम वसूल करणे सोपे नाही. मुदतीतल्या ५४,००० साठी वेगळा वसुलीचा दावा करावा लागण्याचीही शक्यता आहे आणि त्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. तरीसुद्धा वकिलाची फी थकबाकीशी ताडून पाहणे बरोबर नाही. ती ताडायची तर चुकीच्या अर्जामुळे वाया जाणाऱ्या महिन्यांशी. आपला फ्लॅट दुसऱ्याला १८,००० ने जाणार असेल, तर पाच महिन्यांच्या दिरंगाईने ९०,००० रुपयांचे उत्पन्न बुडते.

यात एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. आपला करार संपलेला आहे, हे आपल्या बाजूचे आहे. तो अजून चालू असता आणि भाडे थकल्यामुळे मधेच संपवायचा असता, तर करारातले मुदतपूर्व समाप्तीचे कलम काय म्हणते, त्यात सांगितलेली नोटीस दिली का, आणि अशी समाप्ती म्हणजे 'मुदत संपणे' होते का, यावर वाद उभा राहू शकतो. त्या परिस्थितीत मी आपल्याला वकील घ्यायलाच सांगितले असते, किंवा मुदत संपायला दोनच महिने उरले असतील तर तेवढे थांबायला सांगितले असते.

आपण विचारले नाही, पण अशा मनःस्थितीत मालक जे करून बसतात त्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. कुलपाला हात लावू नका आणि वीज-पाणी तोडू नका. माझ्या एका अशिलाचा करार नोंदणीकृत होता, मुदत संपलेली होती, बाजू पूर्ण भक्कम होती. राहणारे कुटुंब गणपतीला गावी गेले आणि यांनी दाराचे लॅच बदलले. पाचव्या दिवशी ते कुटुंब परत आले. दारात नवरा-बायको, मधे लहान मुलगी, तिचे दप्तर आणि आजीच्या मधुमेहाच्या गोळ्या घरात. त्यांनी पोलीस ठाणे गाठले, मग वकील गाठला. कायदेशीर प्रक्रियेशिवाय ताबा काढून घेतला एवढ्याच मुद्द्यावर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो, आणि त्यात घराचा मालक कोण हा प्रश्नच गौण होतो. माझ्या अशिलाला त्याच संध्याकाळी दार उघडून द्यावे लागले आणि जो माणूस आतापर्यंत तक्रारदार होता तो प्रतिवादी होऊन तारखा मोजू लागला. भाडेकरूचे वीज-पाणी तोडणे हा भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. आपला माणूस लायसन्सवर आहे म्हणून आपल्याला मोकळीक आहे असे समजू नका, कारण तो मनाई हुकूम मागायला जाईल आणि त्या अर्जात आपले पहिले चित्र न्यायालयापुढे वाईट उभे राहील. पोलिसांकडून घर खाली करून मिळेल ही आशाही ठेवू नका. ते ही दिवाणी स्वरूपाची बाब आहे असे सांगतील, आणि ते बरोबरच आहे.

दुसरी चूक याच्या उलट, म्हणजे सौजन्यातून होते. मुदत संपल्यावर त्याने एखाद्या महिन्याचे पैसे खात्यात पाठवले आणि आपण 'भाडे मिळाले' असा संदेश टाकला, तर करार पुढे चालू राहिला असा युक्तिवाद करायला त्याला जागा मिळते. पैसे घ्या, पण त्याच दिवशी लेखी कळवा की ही रक्कम मुदतीनंतरच्या ताब्याच्या नुकसानभरपाईपोटी, आपले सर्व हक्क राखून स्वीकारली आहे आणि त्यामुळे करार वाढत नाही. त्याने पूर्वी दिलेला एखादा धनादेश परत आला असेल तर त्याचा मार्ग स्वतंत्र आहे: बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, पैसे भरायला पंधरा दिवस आणि त्यानंतर महिन्याभरात फौजदारी तक्रार. या तारखा टळल्या तर तो मार्ग जवळजवळ बंदच होतो.

मग आपण काय करावे? माझा सल्ला असा की संपूर्ण प्रकरणाचे वकीलपत्र आजच देऊ नका, पण या विषयात नियमित काम करणाऱ्या वकिलांकडे एका बैठकीची फी भरून करार, इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा नोंदणी कार्यालयाचा उतारा), भाग प्रमाणपत्र आणि बँकेचे उतारे तपासून घ्या. कलम २४ खाली मुदत संपल्यानंतर वेगळी नोटीस देण्याची सक्ती नाही, तरीही मी ती पाठवायला लावते. नोटिशीत मुदत कधी संपली, किती रक्कम निघते, डिपॉझिट कसे वळते केले आणि पंधरा दिवसांत घर न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई मागून अर्ज दाखल करणार, एवढेच असावे. रागाची एक ओळही नको. ती पोचपावतीसह पोस्टाने पाठवा, शिवाय व्हॉट्सॲपवरही पाठवा, आणि पाकीट 'घेण्यास नकार' शेऱ्यासह परत आले तर ते न फोडता तसेच जपून ठेवा. माझ्या अनुभवात वकिलाच्या लेटरहेडवरची शांत शब्दांतली नोटीस मिळाल्यावर बरेच जण बोलायला येतात, कारण दुप्पट भरपाईची तरतूद त्यांना तोपर्यंत माहीत नसते.

तो बोलायला आला तर त्याला वाव द्या. थकबाकीतला काही भाग सोडून घर ठरलेल्या तारखेला मिळत असेल तर ते मालकाच्या फायद्याचे असते असे मी मानते. फक्त ती तडजोड तोंडी ठेवू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दावा लावण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तिथे झालेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते, त्यामुळे त्याने तारीख चुकवली तर सरळ अंमलबजावणीला जाता येते. आपल्या पत्रावरून फ्लॅट आपल्या पत्नीच्या नावावर असल्याचे दिसते. तसे असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क स्त्री म्हणून त्यांना आहे, मग उत्पन्न कितीही असो. हे फार थोड्या जणांना ठाऊक असते. मात्र अर्जदारही त्याच होतील, आपण नव्हे. आपण त्यांच्या वतीने जाणार असाल तर मुखत्यारपत्र लागेल, आणि मुखत्याराला स्वतःच्या माहितीतल्या गोष्टींवरच साक्ष देता येते. घर दाखवणे, पैसे घेणे आणि बोलणी करणे हे सगळे आपणच केले असेल तर त्यात अडचण नाही.

त्याने तीस दिवसांत बचावाची परवानगी मागितली आणि प्राधिकाऱ्यांनी ती दिली, त्या दिवशी मात्र वकील लावा. तिथून पुढे उलटतपासणी येते, आणि उलटतपासणीत प्रामाणिक माणूससुद्धा 'हो, मी त्यांना म्हणालो होतो, बघू, राहा अजून थोडे दिवस' असे सहज बोलून जातो. फी ठरवताना ती टप्प्यांत मागा: नोटीस, अर्ज, परवानगीच्या शपथपत्राला उत्तर, पुरावा, आणि ताबा मिळवण्याची कार्यवाही. प्रत्येक तारखेचे पैसे घेणाऱ्यांपेक्षा टप्प्याला एकरकमी आकडा सांगणारे वकील निवडा आणि तो आकडा लिहून घ्या.

ताब्याच्या दिवशी आपण स्वतः हजर राहा. आतल्या सामानाची यादी पंचनाम्यात नोंदवून घ्या, मग ती जुनी गादी असो की वॉटर फिल्टर, वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि सोसायटीच्या सचिवांची साक्षीदार म्हणून सही घ्या. 'माझे दागिने कपाटात राहिले होते' अशी तक्रार महिन्याभराने येते तेव्हा हीच यादी कामाला येते.

आज संध्याकाळी एक करा. कराराचे ते पान काढा ज्यावर जागेचे वर्णन आहे, शेजारी भाग प्रमाणपत्र ठेवा, आणि विंग, मजला, फ्लॅट क्रमांक, सर्व्हे क्रमांक व चौरस फूट हे बोट ठेवून एकेक जुळवा. ते जुळले तर मला तसे कळवा, अर्जात कोणते परिच्छेद असावेत ते मी इथेच लिहीन; जुळले नाही तर नोटीसही पाठवू नका, आधी कागद घेऊन वकिलांकडे जा.